कामिनी, आनंदघन आणि एक फुटका तवा

शुक्रवार, रात्र

साडेदहाला विन्याचा फोन. "पिशव्या घेतल्यास का?"

"दोन घेतल्या."

"कापडी ना? तळाशी पुठ्ठा घाल. नाहीतर एलपीच्या जॅकेटांचे कोपरे मुडपतात. आणि टॉर्च घे. मोबाइलचा नको, खरा टॉर्च."

एलपी म्हणजे मोठी, बारा इंची रेकॉर्ड, आणि जॅकेट म्हणजे तिचं पुठ्ठ्याचं पाकीट. विनायक ऊर्फ विन्या हा माझा शाळेपासूनचा मित्र. पुण्यात एकमेकांपासून चालत दहा मिनिटांवर राहतो आम्ही, पण भेट होते ती एकतर लग्नात नाहीतर दशक्रियेला. मागच्या महिन्यात अशाच एका दशक्रियेच्या जेवणात ठरलं की आता जिवंतपणी एकदा कुठेतरी जाऊ. विन्याकडे सातशेच्या आसपास रेकॉर्डी आहेत. वहिनींनी त्याला घरातली एक भिंत दिली आहे, दुसरी मिळणार नाही असं लेखी नसलं तरी पक्कं सांगितलं आहे. माझ्याकडे जेमतेम चाळीस, आणि वडिलांचा एचएमव्हीचा फिएस्टा, तो बॅटरीवर चालणारा, झाकण लावलं की छोट्या सुटकेससारखा दिसणारा. तेव्हा जायचं कुठे हा प्रश्नच नव्हता. मुंबई, आणि जुन्या सिनेमांच्या रेकॉर्डी.

शनिवार-रविवारच का, तर चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी रस्त्यावर वेगळाच बाजार भरतो. हे मला विन्याने तीन वेळा सांगितलं.

शनिवार

डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते, आणि पुणेकर सातलाच फलाटावर उभे राहून तिला उशीर होतोय अशा चेहऱ्याने घड्याळ बघत असतात. १९३० सालच्या जूनमध्ये सुरू झालेली ही गाडी. डबे बदलले, पण डायनिंग कार अजून आहे. आम्ही तिथे जागा पटकावली. ऑम्लेट येईपर्यंत विन्याने खिशातून यादी काढली. फुलस्केप कागद, दोन्ही बाजूंनी.

यादीत सगळ्यात वर होतं: महल, तवा, लेबलावर कामिनी.

तवा म्हणजे ७८ आरपीएमची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी, लाखेची. शौकीन मंडळी तिला तवाच म्हणतात, आणि हातात घेतली की पटतं. काळी, जड, आणि पडली तर संपली. 'महल' १९४९ चा, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. त्यातलं 'आयेगा आनेवाला' कोणी गायलं हे आज शेंबडं पोरही सांगेल. पण तेव्हा रेकॉर्डच्या लेबलावर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं, म्हणजे मधुबालाच्या भूमिकेचं नाव. पडद्यावर जी गाते तिचंच नाव लेबलावर, अशी तेव्हाची रीत. लोकांनी रेडिओकडे विचारणा सुरू केली, ही कामिनी कोण, आणि मग कुठे लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं.

"गाणं तुझ्याकडे आहेच की," मी म्हटलं. "एलपीवर आहे, सीडीवर आहे, फोनमध्येही असेल."

"गाणं कुणाला पाहिजे? मला लेबल पाहिजे."

मग त्याने माझी यादी मागितली. माझ्या यादीत एकच ओळ होती. साधी माणसं, ईपी. ईपी म्हणजे सात इंची, ४५ आरपीएमची छोटी रेकॉर्ड. आपल्याकडे तिच्यात बहुतेक वेळा दोन्ही बाजू मिळून चार गाणी असायची. भालजी पेंढारकरांचा हा १९६५ चा सिनेमा. ही ईपी आमच्या घरी होती. कुणीतरी "उद्या आणून देतो" म्हणून नेली, आणि तो उद्या १९८३ पासून चालू आहे.

"संगीत आनंदघन," विन्या बोट नाचवत म्हणाला. "म्हणजे तूही लताबाईंच्याच मागे निघालायस."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आनंदघन म्हणजे लताबाईच. भालजींच्या सिनेमांना त्यांनी या नावाने चाली दिल्या, आणि 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा सोहळ्यात हे गुपित फुटलं. पहिल्या वेळी कंपनीला तिचं नाव छापायची गरज वाटली नव्हती. पंधरा वर्षांत नाव एवढं मोठं झालं की तिला स्वतःलाच ते लपवावंसं वाटलं. आम्ही दोघे चाललो होतो ते एकाच बाईची दोन खोटी नावं शोधायला.

ऑम्लेट गार झालं होतं. घाटात धुकं नव्हतं, त्यामुळे खिडकीबाहेर फार बघितलं नाही.

साडेदहाच्या आत सीएसएमटी. डी. एन. रोडच्या कमानींखालून चालत निघालो. उन्हाचा त्रास नको असेल तर मुंबईत चालायला यापेक्षा चांगला रस्ता मला माहीत नाही. वाटेत घड्याळवाले, चष्मेवाले, बेल्टवाले, आणि त्यांच्यामध्ये एक पदपथावरचा रेकॉर्डवाला. लाकडी खोकी, त्यांत उभ्या लावलेल्या एलपी, वरून निळं प्लास्टिक.

विन्या बसला. म्हणजे खरोखरच मांडी घालून बसला, पदपथावर. मी बाजूला उकिडवा. पुढचे अडीच तास मी जे शिकलो ते असं: एलपी जॅकेटमधून काढताना कधीही पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, कडेला आणि मधल्या लेबलाला धरायचं. मग टॉर्च तिरका मारायचा. सरळ मारला तर सगळ्याच रेकॉर्डी चकचकीत दिसतात, तिरक्या उजेडात चरे उठून दिसतात. नखाला लागेल असा चरा असेल तर तिथे सुई उडी मारणार. मग भोक बघायचं. भोकाभोवती लेबलावर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेषा असतील तर समजायचं, रेकॉर्ड हजार वेळा चढवली-उतरवली आहे. शेवटी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून बघायची, वाकली तर नाही ना. मुंबईच्या उन्हात आणि माळ्यांवर राहिलेल्या एलपींची पापडं होतात.

त्याहून मजेचं म्हणजे क्रमांकांची भाषा. विन्या जॅकेट न बघता नुसता क्रमांक वाचून सांगत होता. सुरुवातीला 'ईसीएलपी' असेल तर एचएमव्ही, 'थ्री एईएक्स' असेल तर साठीच्या दशकातली सिनेमाची एलपी, 'सेव्हन ईपीई' म्हणजे ईपी. एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन, एंजल ही नावं वेगवेगळी, पण मागे ग्रामोफोन कंपनी एकच. माल बहुतेक कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातला. २००० साली या कंपनीचं नाव सारेगामा झालं. सत्तरीत पॉलिडोर ही दुसरी रेकॉर्ड कंपनी आली आणि या घरात पहिल्यांदा शेजारी राहायला आले, असं विन्याचं वर्णन.

आणि 'साउंडट्रॅक' या शब्दावर त्याचा कायमचा राग आहे. "साउंडट्रॅक म्हणजे काय? सिनेमाचं संगीत. आपल्याकडे काय मिळतं? गाणी. पार्श्वसंगीत कुठंय? तीन तासांच्या सिनेमात दोन तास व्हायोलिनं वाजतात, त्यातला एक मिनिट रेकॉर्डवर नाही. कुणी वाजवलं त्यांची नावं नाहीत. सेबॅस्टियन डिसूझांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांना वाद्यमेळ लिहून दिला, किती जॅकेटांवर नाव दिसतं? सापडलं तर मला फोन कर."

रेकॉर्डवाला हसत होता. त्याने 'शोले'ची एलपी पुढे केली, "यह लो साहब, इसमें टायटल म्युझिक है." तेवढा अपवाद विन्याने मान्य केला. पण तशा त्याच्याकडे आधीच दोन होत्या.

साडेबाराच्या सुमाराला तव्यांची चळत आली. तवे उभे ठेवायचे असतात, आडवे रचले की खालचे तडकतात. इथे ते आडवे, वर्तमानपत्रांत. विन्या एकेक उचलून लेबल वाचून ठेवत होता. मी चहा आणायला गेलो. परत आलो तर तो दोन्ही हातांत एक तवा धरून नुसता बसला होता. बोलत नव्हता.

लेबलावर कामिनी.

कडेला नखाएवढा टवका उडालेला. तव्यात गाणं कडेपासून सुरू होतं, त्यामुळे गाण्याची सुरुवात गेलेलीच. त्या टवक्यापासून लेबलाच्या दिशेने एक केसासारखी रेघ. वाजवायला गेलं तर सुई आणि तवा दोन्ही धोक्यात. रेकॉर्डवाल्याने किंमत सांगितली पंधराशे. विन्या म्हणाला, "फुटलाय." तो म्हणाला, "लेबल नहीं फूटा." एवढं बोलल्यावर पुढे घासाघीस करण्यात अर्थ नव्हता. बाराशेला घेतला. शिवाय तीन एलपी, प्रत्येकी चारशेप्रमाणे. मी काहीच घेतलं नाही. ईपींच्या खोक्यात सगळी हिंदी गाणी, दोन नाताळची आणि एक इंग्रजी शिकवणारी.

काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊससमोर दोन मिनिटं थांबलो. १९४८ साली सुरू झालेलं हे दुकान २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं. आत काचेच्या खोल्या असायच्या, त्यात उभं राहून रेकॉर्ड ऐकून मग विकत घ्यायची. विन्या कॉलेजात असताना पुण्याहून येऊन तासभर ऐकून काही न घेता जायचा. "त्यांनी कधी हाकललं नाही," म्हणाला. आणि पुढे, "मी एकट्याने बंद पाडलं असेन ते."

जेवण उडप्याकडे, उभ्या उभ्या. त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही.

दुपारी चर्चगेटहून लोकलने ग्रँट रोड आणि तिथून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव सांगितलं तर दुकानदारच विचारतो, कुठे आलं ते? इथे आम्हाला तव्याची सुई हवी होती. तव्याची खाच एलपीच्या खाचेच्या सुमारे तिप्पट रुंद असते. एलपीची सुई तव्यावर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी घसरत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. उलट तव्याची सुई एलपीवर ठेवली तर एलपी नांगरली जाते. जुन्या प्लेअरांत म्हणून सुई उलटी करायची कळ असायची, एका बाजूला ७८ आणि दुसऱ्या बाजूला एलपी. पाच दुकानांत विचारलं. चार ठिकाणी "वही चलेगी साहब, सब एक है". पाचव्या दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काही न बोलता ड्रॉवर ओढला, भिंग डोळ्याला लावलं आणि एक बारीकशी डबी पुढे सरकवली. साडेचारशे. मी लगेच दिले. फिएस्टासाठीही एक सुई घेतली.

विन्याची मावशी गिरगावात चाळीत राहते. तिच्याकडे मुक्काम. चालत जाताना विन्या एका शॉपिंग सेंटरसमोर थांबला आणि म्हणाला, चप्पल काढ. मला वाटलं, देऊळ आहे. इथे पूर्वी मॅजेस्टिक सिनेमा होता. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, इथे लागला. सात गाणी होती त्यात. त्यांची रेकॉर्ड निघाली नाही आणि सिनेमाची एकही प्रत आज शिल्लक नाही. म्हणजे आपल्या पहिल्या साउंडट्रॅकची किंमत कितीही सांगितली तरी तो मिळणार नाही. विन्याच्या दृष्टीने ही देशातली सगळ्यात दुर्मिळ रेकॉर्ड, कारण ती नाहीच. चपला काही काढल्या नाहीत. तिथे आता तयार कपड्यांची गर्दी असते.

मावशी ऐंशीच्या पुढच्या, पण कान तल्लख. पिशवीतून तवा निघाला तशा चष्मा सरसावून आल्या.

"काय रे हे? फुटकं आणलंस?"

"मावशी, हे वाजवायचं नाहीये."

"मग आणलंस कशाला?"

"वाचायला."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग त्या आत गेल्या आणि कापूस व स्पिरिटची बाटली घेऊन आल्या, निदान पुसून तरी देते म्हणून. विन्या इतक्या जोरात ओरडला की शेजारचे डोकावले. तवा लाखेचा असतो. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतात. स्पिरिटने तवा पुसला तर तवा स्वच्छ होत नाही, निघून जातो. एलपी प्लास्टिकची, तिला एक वेळ चालेल, तव्याला फक्त पाणी, तेही लेबल वाचवून. मावशींनी बाटली बंद केली. "इतकं नाजूक आहे तर घरीच ठेवायचं असतं," म्हणाल्या. ते वाक्य दुसऱ्या दिवशी आठवलं.

रात्री पिठलं-भात. मावशींनी सांगितलं की त्यांच्या लग्नात वरातीला लाउडस्पीकरवर रेकॉर्डी लावल्या होत्या आणि अर्ध्या वाटेत पिना संपल्या. त्या वेळी लोखंडी पिना असायच्या, एका बाजूनंतर बदलायच्या. उरलेली वरात मुकाट्याने गेली.

रविवार

दहाला निघालो. सी. पी. टँक, गोल देऊळ, नळ बाजार, चालत. भेंडीबाजाराच्या बाजूला अर्ध्या जुन्या इमारती पाडून उंच मनोरे उभे राहतायत. मटण स्ट्रीट अजून जागेवर आहे, पण किती दिवस कोण जाणे.

दुकानं उघडायला अकरा वाजले. तोवर आम्ही रस्त्यावर मांडलेल्या वस्तू बघत फिरलो: जहाजाचे दिवे, दरवाजांच्या मुठी, सिनेमांची पोस्टरं, आणि पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन. हे कर्णेवाले बहुतेक नवेच बनवलेले असतात, जुन्या नावाचा बिल्ला लावून. खोकं हलकं लागलं, कर्णा पिवळाधमक असला आणि बिल्ल्यावरच्या कुत्र्याचा चेहरा दुःखी असला की पुढे चालायचं, असा विन्याचा नियम. कुत्र्याचं त्याने स्वतः शोधून काढलेलं आहे.

पहिल्या दुकानात शिरलो. शिरलो म्हणजे आडवे होऊन गेलो. दोन भिंतींना छतापर्यंत रेकॉर्डी आणि मधे एक माणूस मावेल एवढी फट. मालक दारात स्टुलावर, शेजारी टर्नटेबल. काहीही मागा, लावून दाखवणार. त्या वेळी लागली होती 'शोले'च्या संवादांची एलपी. पॉलिडोरच्या लक्षात आलं होतं की लोक थिएटरातून गाणी नव्हे, संवाद म्हणत बाहेर पडतायत. मग संवादांचीच रेकॉर्ड काढली, आणि ती गणपतीच्या मांडवांपासून चहाच्या टपऱ्यांपर्यंत वाजली. दुकानातला विशीतला पोरगा रेकॉर्डी पुसता पुसता ओठ हलवत होता. प्रत्येक वाक्याच्या अर्धा सेकंद आधी.

विन्या आत गडप झाला. मी ईपींच्या खोक्यांपाशी. बोटांनी एकेक ढकलत जायचं, टकटक टकटक, अंगठा काळा होतो आणि मान भरून येते. चौथ्या खोक्यात मराठी लागली. आणि तिथे, दोन लावण्यांच्या मधे, 'साधी माणसं'चं जॅकेट.

खरं सांगतो, हात थरथरला वगैरे काही नाही. मी आधी मागेपुढे बघितलं, दुसरं कुणी बघत नाही ना. मग जॅकेटमधून रेकॉर्ड काढली. आत भजनं होती.

"चाचा, इसमें दूसरी रेकॉर्ड है."

"हां तो?"

"असलीवाली कहां है?"

चाचांनी खोक्यांच्या भिंतीकडे हात केला. हात पूर्ण फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "होगी. ढूंढो. नहीं तो कव्हर ले जाओ, डेढ सौ."

दीडशे रुपये रिकाम्या पुठ्ठ्याला! मी जॅकेट जागेवर ठेवलं. तासभर शोधलं, मिळालं नाही. विन्याला मात्र पाच एलपी मिळाल्या, त्यातली एक नव्वदीच्या सुरुवातीची. तोवर घरोघरी कॅसेटी झाल्या होत्या, एलपी मोजक्या निघत. म्हणून ती जितकी नवी तितकी महाग, हा उलटा न्याय. तिला अठराशे पडले. वहिनींना सांगायची किंमत आम्ही तिथेच ठरवून टाकली.

गल्लीच्या पलीकडच्या टोकाला एक दुकान होतं, खरं तर जिन्याखालची जागा. तिथे पंखे दुरुस्त करणारा बसतो आणि त्याच्या मागे पोत्यात रेकॉर्डी, जॅकेटांशिवाय, एकावर एक. "पचास का एक, देखना नहीं." देखना नहीं म्हणजे निवडायचं नाही असं मला वाटलं, पण तो म्हणत होता, वाजवून बघायचं नाही. निवडा हवं तेवढं. विन्या म्हणाला, वेळ घालवू नकोस, जॅकेटाशिवायची रेकॉर्ड म्हणजे सालाशिवायचं केळं. मी टॉर्च काढला आणि बसलो. आता मीही मांडी घालूनच.

पोत्याच्या तळाशी, तेलकट काळ्या थराखाली, लेबलावरची इंग्रजी अक्षरं. सिनेमाचं नाव अर्धं दिसत होतं. अंगठ्याने पुसलं. खाली बारीक अक्षरांत: संगीत, आनंदघन.

पन्नास रुपये दिले. तिरका टॉर्च मारला तेव्हा चरे दिसले, पुष्कळ, पण नखाला लागणारा एकच.

मग अर्थातच मी परत पहिल्या दुकानात गेलो. जॅकेट तिथेच होतं. चाचांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सात इंची गोल वस्तूकडे बघितलं, आणि म्हणाले, "तीन सौ."

"सुबह डेढ सौ बोला था!"

"सुबह आपके पास रेकॉर्ड नहीं थी."

याला उत्तर नाही. पण पुण्याचा माणूस म्हणजे तत्त्वाचा माणूस, मी घेतलं नाही. विन्या गल्लीच्या तोंडापर्यंत काही बोलला नाही. तिथे म्हणाला, "तत्त्वात गुंडाळून ठेवणार का आता ती?" मावशींनी शेवटी एक उशीचा अभ्रा दिला, त्यात बसली. (आज हे लिहितानाही ते तीनशे रुपये मला डाचतायत. हजारदा वाटतं, द्यायला हवे होते.)

चर्नी रोडहून चर्चगेटची लोकल पकडली, आणि इथे चूक माझी. रविवार, ब्लॉक, दर दुसरी गाडी रद्द. फलाटावर होती ती सगळी मुंबई एका डब्यात शिरली. एलपींच्या पिशव्या विन्याकडे, तव्याची पिशवी माझ्याकडे. विन्याने बजावलं होतं, छातीशी धर. दोनच तर स्टेशनं. मी ती पायाशी, दाराजवळच्या पत्र्याला टेकवून ठेवली, कारण दुसऱ्या हातात अभ्रा होता आणि मला माझी ईपी सोडवेना. मरीन लाइन्सला एकजण आत आला, त्याच्या मागून दुसरा, आणि मग मला पायाशी तो आवाज ऐकू आला. काच फुटल्यासारखा नाही. वाळकी फांदी मोडते तसा.

चर्चगेटला फलाटावरच पिशवी उघडली. विन्याने तवा बाहेर काढला. बरोबर मधून दोन तुकडे, त्या केसाच्या रेघेवरूनच. पण तुकडे सुटे झाले नव्हते. दोन्ही बाजूंच्या लेबलांच्या कागदाने त्यांना धरून ठेवलं होतं. विन्याने हळूच हलवून बघितलं. बिजागरीसारखं उघडत-मिटत होतं. घडी बरोबर 'कामिनी'वर.

मी काय बोलणार. "भरून देतो" म्हटलं. ते इतकं मूर्खासारखं वाटलं की पुढचं वाक्य सुचेना.

विन्या बराच वेळ त्या लेबलाकडे बघत होता. मग म्हणाला, "आता तर वाजवायचा मोहही होणार नाही." आणि तव्याची सुई, साडेचारशेवाली, खिशातून काढून माझ्या हातावर ठेवली. "ही तुझ्याकडे ठेव. प्रायश्चित्त."

टॅक्सीने सीएसएमटी. डेक्कन क्वीन पाच दहाला सुटली. विन्याने दोन एलपींच्या मधे पुठ्ठ्यात दाबून तवा ठेवला आणि पिशवी मांडीवर घेतली. कर्जत येईपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही, रुसवा म्हणून नाही, पाय दुखत होते म्हणून. कर्जतला मागून इंजिन लागलं, वडापाव आला, आणि जरा तरतरी आली.

मी अभ्र्यातून ईपी काढली. पोत्यातला तो तेलकट थर अजून लेबलावर होता. पाणी लावायचं नाही हे आता मला ठाऊक होतं. चष्मा पुसायचं कोरडं फडकं घेतलं आणि हलक्या हाताने फिरवत राहिलो. हळूहळू लेबलाचा रंग दिसायला लागला, मग चित्रपटाचं पूर्ण नाव, गायकांची नावं. मग खाली काहीतरी निळं. आधी वाटलं डाग आहे. खिडकीशी धरलं. 'आनंदघन' या नावाखाली कुणीतरी शाईच्या पेनाने रेघ मारली होती, आणि लेबलाच्या कडेने, वळणदार मराठी अक्षरांत, जागा पुरेल तेवढ्यात लिहिलं होतं:

म्हणजे कोण?

अक्षर आमच्या घरातलं नव्हतं, ते मी लगेच बघितलं. विन्याकडे दिली. त्याने टॉर्च काढून तिरका मारला, मग सरळ मारला.

"हे पुरस्काराच्या आधीचं," तो म्हणाला. "नंतर कुणी कशाला विचारेल?"

पळसधरी गेलं. विन्याने खिशातून यादीचं पेन काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"उत्तर लिहू का खाली? जागा आहे थोडी."

"नको," मी म्हटलं, आणि त्याच्या हातातून रेकॉर्ड काढून घेतली.